किती वेळा वाजला?

आमच्या दवाखान्यात बिडगर आप्पा कुठे आहेत हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तळमजल्यावर ते कुणाला झापत असले की वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत, दोन दारं लावूनही, शब्द न् शब्द कळायचा. आणि माझी खोली साधी नाही. मी कानांची तपासणी करणारी बाई. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या भिंतींना जाड अस्तर आहे आणि खिडकीला दुहेरी काच. ती खोली बांधून देणाऱ्या माणसानं बाहेर बँड वाजला तरी आत कळणार नाही, अशी छातीठोक हमी दिली होती. त्या बिचाऱ्याला आप्पा माहीत नव्हते.

आप्पा आमचे कॉम्प्युटर बघायचे. जालना रोडपासून आत असलेला आमचा दवाखाना धर्मादाय. नवं यंत्र मिळायला जन्म जातो आणि जुनं टाकवत नाही, त्यामुळे नोंदणीच्या खिडकीपासून एक्स-रेपर्यंत सगळं आप्पांच्या जिवावर चालायचं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगानं काटक, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नम्रपणा औषधालाही नव्हता. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा ते "तुम्ही जरा बाजूला थांबा" म्हणायचे, आणि डॉक्टर थांबायचे.

गाव देवगाव रंगारी, घर मेंढपाळाचं. धाकटा भाऊ अजूनही मेंढरं घेऊन फिरतो. हिवाळ्यात आप्पा काळी घोंगडी पांघरून स्कूटरवर यायचे, पण ती घोंगडी त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडून कधी आत आली नाही. दाराबाहेर एक खिळा होता, त्यावर ती दिवसभर राहायची. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत लोकर घासली की अंगात वीज साठते आणि तिचा एक बारीकसा चटका कॉम्प्युटरमधल्या कार्डाचा जीव घ्यायला पुरतो. म्हणून स्वेटरवाल्यांनाही ते दारातच अडवायचे. मी एकदा नवाकोरा स्वेटर घालून गेले, तर वर न बघता म्हणाले, "काढा ते, न्हायतर भाईरूनच बोला." मी बाहेरूनच बोलले. स्वेटर चांगला होता.

त्यांची माझी पहिली चकमक एका कार्डावरूनच झाली. तपासणी चालू असताना आईबापांनाही पडदा दिसावा, म्हणून मला माझ्या कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडायचा होता. मी आपली दुकानात गेले, चांगलंसं डिस्प्ले कार्ड निवडलं आणि खोकं आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. आप्पांनी खोक्याला हातही लावला नाही.

"हे कुठं बसवायचं म्हणता?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"कंच्या? कॅबिनेट उघडून बघितलं व्हतं का?"

मी नाही म्हटलं.

"आमच्यात मेंढरू घ्यायचं तर आधी त्याचा जबडा उघडून दात बघतेत. तुम्ही खोक्यावरचं चित्र बघून कार्ड आणलं." मग त्यांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनी हरतऱ्हेच्या कार्डांची मापं करून ठेवली होती. लांब, आखूड, उंच, बुटकी. खरं कार्ड आणायच्या आधी हे पुठ्ठ्याचं कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये, म्हणजे कार्डाची सोनेरी दातांची कड जिथे रुतते त्या लांबट फटीत, उभं करायचं आणि ते कुठे अडतं ते बघायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या कार्डाच्या मापाचा पुठ्ठा माझ्या कॅबिनेटमध्ये शिरला आणि झाकण लागेना. त्यातून त्या कार्डाला वेगळी वीज लागत होती आणि तेवढी द्यायची ताकद आमच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये नव्हती. मी कार्ड परत करून आले. आप्पांनी सांगितलेलं बुटकं कार्ड आजही तिथे चालू आहे.

पण म्हणून आप्पा कधी चुकतच नसत असं नाही, आणि चुकले की बघण्यासारखे असत. एकदा नोंदणीच्या कॉम्प्युटरला त्यांनी एक जास्तीचं कार्ड बसवलं आणि त्यातली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. हार्ड डिस्क नवीन होती. ज्या दुकानदाराकडून ती आली होती त्याला आप्पांनी बोलावून घेतलं आणि साऱ्या पेशंटांदेखत त्याची अशी काही हजेरी घेतली की तो घामाघूम झाला. तो गेल्यावर त्यांनी बोर्डाचं माहितीपत्रक काढलं. कार्ड बसवलेला स्लॉट आणि हार्ड डिस्कचं तोंड एकाच वाटेवर होतं. एक चालू झालं की दुसरं बंद, असं त्यात छापलेलंच होतं. आप्पा तसेच स्कूटरला किक मारून त्या दुकानात गेले. दुकानदारानंच मला ते नंतर सांगितलं. दारातूनच ओरडले म्हणे, "चूक माझी हाय! पण तुला बी बोलायला तोंड व्हतं ना!" आणि आले तसे परत गेले. ही माफी होती हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

कार्ड बसवून झालं की आप्पांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. प्रत्येक बोर्डाला ते बटणाएवढा एक स्पीकर लावायचे. नव्या कॉम्प्युटरना तो येत नाही, म्हणून मोडीतल्या बोर्डांवरून काढून ठेवलेले त्यांच्याकडे डबाभर होते. कॉम्प्युटर सुरू होताना सगळं ठीक असलं तर तो एकदा टुक करून वाजतो. काही बिनसलं असलं की अनेकदा. बटण दाबलं की आप्पा त्या स्पीकरवर बोट टेकवायचे आणि जो कोणी जवळ असेल त्याच्याकडे वळून मास्तरासारखे दरडावायचे, "सांगा, किती वेळा वाजला?"

"एकदा."

"मग झालं."

एखादीनं "लक्ष नव्हतं" म्हटलं तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचे आणि पुन्हा विचारायचे. ते आम्हाला शिकवताहेत अशी आमची समजूत होती, आणि त्या शिकवणीचा आम्हाला भयंकर कंटाळा होता.

आणखीही बऱ्याच गोष्टींचा राग यायचा. मागून हाक मारली तर ते वळायचे नाहीत. फोन उचलायचे नाहीत. "फोनवर मशीन दुरुस्त व्हत नसतं, खाली घेऊन या" हे उत्तर. आपण काही सांगावं तर तोंडाकडे एकटक बघत राहायचे, जणू आपण खोटं बोलतोय. मी एकदा चिडून तोंडावर म्हटलंही, "आप्पा, तुम्हाला कुणाचं ऐकून घ्यायचंच नसतं." त्यावर "ऐकण्यासारखं बोलतं कोण हितं?" असं म्हणून मोकळे झाले. माणूस भलताच शिष्ट आहे, असं माझं मत होतं आणि ते मी लपवून ठेवलं नव्हतं.

त्यांच्या टेबलावर, डोक्याच्या उंचीला, एक जळकं कार्ड दोऱ्यानं लटकत असायचं. आप्पा गावच्या जत्रेला गेले असताना एक्स-रेच्या कॉम्प्युटरचं जुनं कार्ड दुसऱ्या बोर्डावर बसवायची वेळ आली होती. बाहेरून बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याला ते बसेना. जुन्या कार्डांच्या कडेला एक खाच असते. ती कुठे आहे त्यावरून त्या कार्डाला किती व्होल्टची वीज चालते ते ठरतं. चुकीच्या स्लॉटमध्ये कार्ड शिरूच नये म्हणून बनवणाऱ्यानं करून ठेवलेली ती सोय. या गृहस्थानं कानस घेतली आणि हवी तिथे नवी खाच पाडली. कार्ड झकास बसलं. बटण दाबलं आणि खोलीभर जळकट वास सुटला. आप्पा आल्यावर दोन दिवस दवाखाना हादरत होता. मग ते कार्ड त्यांनी दोऱ्याला बांधलं, आणि कुणी विचारलं की बोटानं त्याला झोका देऊन म्हणायचे, "खाच घासायची नाय. बनवणाऱ्यानं नाय म्हटलंय म्हंजी नाय."

आता माझ्याकडच्या एका यंत्राविषयी सांगायला हवं. तान्ह्या मुलाला ऐकू येतं की नाही हे त्याला विचारून कळत नाही. म्हणून ते झोपलं की डोक्याला आणि कानामागे वायरी चिकटवायच्या आणि कानात टकटक असा आवाज सोडायचा. कानानं तो पकडला तर मेंदूकडे जाणारा निरोप पडद्यावर पाच लहरींच्या रूपात उमटतो. नाही पकडला तर सपाट रेघ. माणसानं काही सांगायची गरजच नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं यातून कळतं, आणि जो लपवतो त्याचंही. या यंत्राचा जीव म्हणजे त्याच्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं एक कार्ड.

त्या हिवाळ्यात वैजापूरकडची शीतल नावाची एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. आरोही. दारामागे ताट पडलं तरी पोरगी हसत खेळत राहायची. कानात यंत्र बसवण्याच्या शस्त्रक्रियेला मदत देणारी एक समिती होती, पण तिची वयाची अट होती आणि आरोही त्या वयाला टेकली होती. समितीची बैठक सोमवारी. तिच्यापुढे माझा अहवाल गेला तर शस्त्रक्रिया होणार. नाही गेला तर पुढच्या बैठकीपर्यंत वय उलटून जाणार. दुसऱ्या ठिकाणी चौकशी केली, तिथली तारीख बैठकीच्या नंतरची मिळत होती. मी तिला शनिवारी सकाळी बोलावलं.

आणि गुरुवारी वीज गेली, जनरेटर सुरू होताना झटका बसला, आणि माझ्या यंत्राचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच.

आप्पांनी कॅबिनेट उघडून बोर्डाचा वास घेतला. "बोर्ड गेला. कार्ड जितं आसंल." मी यंत्र बनवणाऱ्यांना फोन केला, तर ते मॉडेल आता बंद आहे, नवं घ्या, असं उत्तर आलं. कार्डाचं सॉफ्टवेअर जुनं, ते नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं. म्हणजे बोर्डही त्याच काळातला हवा. आप्पा दोन दिवस पैठण गेटच्या मागच्या गल्ल्या पालथ्या घालत होते, खिशात पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन. शुक्रवारी संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर होते, कारण मला घरी बसवेना. मोडीतल्या कॉम्प्युटरचा ढीग लावून बसलेल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं शेवटी एक बोर्ड फडक्यानं पुसून पुढे केला. "आप्पा, येकीच है. लेके जाव. चला तो अल्ला की मेहरबानी."

आप्पांनी पुठ्ठा लावून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. बोर्डावर लांब स्लॉट एकच होता, आणि तो डिस्प्ले कार्डासाठी लागणार होता, त्याच्याशिवाय पडद्यावर काही दिसलंच नसतं. उरलेले सगळे स्लॉट आखूड. आमचं कार्ड त्यांच्यापेक्षा लांब. तरी त्यांनी बोर्ड घेतला.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा शीतल बाकावर बसलेली होती. तपासणीच्या वेळी मूल गाढ झोपावं म्हणून त्याला पहाटेपासून जागं ठेवायला सांगतो; तिनं पोरीला पहाटेच उठवून, खेळवत, फिरवत एसटीतून आणलं होतं. आरोहीचे डोळे मिटायला लागले होते. "मॅडम, आता झोपंल ही," शीतल म्हणाली. "झोपू देऊ का जागं ठेवू?" मी थोडा वेळ थांबायला सांगितलं आणि आत गेले.

आत माझ्या टेबलावर नवा बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवलेला होता आणि आप्पांच्या हातात आरीचं बारीक पातं होतं. मोठे डॉक्टर शेजारी उभे होते.

"स्लॉट कापताहेत हे," डॉक्टर मला म्हणाले. त्यांचा आवाज बरा नव्हता.

आखूड स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकची बंद भिंत असते. ती काढली तर कार्डाचे पुढचे दात स्लॉटमध्ये रुततील आणि मागचे नुसते बाहेर राहतील, असा आप्पांचा बेत होता. मला ते जळकं कार्ड आठवलं. "आप्पा, खाच घासायची नाही असं तुम्हीच म्हणता ना?"

"खाच येगळी आन भिंत येगळी," आप्पा माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा पात्याकडे वळत म्हणाले. "खाच म्हंजी नाय म्हटल्यालं. भिंत म्हंजी नुसतं माप. ह्या कार्डाला पुढच्या दातावर चालता येतं, सावकाश चालंल, पर चालंल. कानाच्या कामाला लई घाई नसती."

"आणि लांब कार्ड आखूड स्लॉटला लावायची जोडपट्टी मिळते ना बाजारात?" डॉक्टरांनी समोर वाकून विचारलं.

"मिळती. मंगळवारी यील." त्यांनी पातं खाली ठेवलं. "मंगळवार चालतो का तुम्हाला?"

दुसरा बोर्ड नव्हता. पातं जरा खोल गेलं, स्लॉटमधली केसाएवढी पितळी पानं वाकली, तर सोमवार संपला होता. आप्पांनी चष्मा लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून घेतला आणि कापायला बसले. मी आयुष्यात इतकं सावकाश कापणं बघितलेलं नाही. एकदा पातं ओढायचं, थांबायचं, रबरी फुग्यानं भुसा उडवायचा, वाकून बघायचं. बाहेर आरोही किरकिरायला लागली होती आणि शीतल तिला थोपटत येरझाऱ्या घालत होती. डॉक्टर घड्याळ बघायचे आणि मी डॉक्टरांकडे. आप्पांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण हात हलला नाही. शेवटी एक पांढरा कपचा टेबलावर पडला. त्यांनी आधी पुठ्ठ्याचं कार्ड लावून बघितलं, मागे काही आडवं येत नव्हतं. मग खरं कार्ड दोन्ही कडांनी धरून स्लॉटवर टेकवलं आणि अंगठ्यानं दाबलं.

बटण. स्पीकरवर बोट. "किती वेळा वाजला?"

"एकदा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग झालं."

पडदा उजळला. सॉफ्टवेअरनं कार्ड ओळखलं. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. ज्याला ऐकू येतं अशा कुणावर तरी आधी तपासणी करून लहरी उमटतात हे बघायलाच हवं. नाहीतर आरोहीची रेघ सपाट आली तर ती कानामुळे की कार्डामुळे, हे कुणी सांगायचं? समितीनं पहिला प्रश्न हाच विचारला असता.

पेशंटच्या अंगाला लागणारं यंत्र दुरुस्त झालं की ते पहिल्यांदा स्वतःच्या अंगाला लावून घ्यायचं, हा आप्पांचा नेम होता. त्यांचा बाप नव्या ठिकाणचं पाणी आधी स्वतः प्यायचा आणि मग मेंढरांना सोडायचा, असं सांगायचे. हृदयाच्या आलेखाच्या यंत्राखाली ते किती वेळा झोपले असतील कोण जाणे. त्या दिवशी मात्र ते वायरी उगाच सारख्या करत राहिले. "आज मॅडमला लावा," म्हणाले.

"चला आप्पा, उशीर नको. नेहमीसारखं," डॉक्टर म्हणाले.

आप्पा पलंगावर आडवे झाले. मी वायरी चिकटवल्या, कानात नळी बसवली, आवाज सुरू केला. पडद्यावर रेघ सरकत होती. सपाट. मी आवाज वाढवला. सपाट. दुसरा कान लावला, आणखी वाढवला. एवढ्या आवाजाला कुणाच्याही लहरी उठून दिसल्या असत्या. दोनदा वायरी तपासल्या. रेघ काही हलेना.

"संपलं," डॉक्टर म्हणाले. "कार्ड गेलं. मी म्हणत होतो कापू नका." ते दाराकडे वळले. "त्या बाईला सांगून टाकतो. उगाच बसवून ठेवण्यात अर्थ नाही."

मला तेव्हा आप्पांचा भयंकर राग आला होता. त्यांना डॉक्टरांचे शब्द ऐकू आले नसावेत, पण दाराकडे निघालेले पाय दिसले. ते उठून बसले. वायरी तशाच लोंबत होत्या.

"सायेब," ते म्हणाले, आणि मी दचकले. एवढ्या वर्षांत आप्पांना हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "कार्डाला बोल लावू नका. कार्ड चांगलं हाय. माझ्याच कानात काय ऱ्हायलं नाय."

डॉक्टर दारातून मागे फिरले.

"टकटक वाजत व्हतं का?" त्यांनी मला विचारलं. "मला एक बी आलं नाय. मॅडमला झोपवा. बघा तरी."

मी वायरी त्यांच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्याला लावल्या आणि डॉक्टर यंत्रासमोर बसले. कानात टकटक सुरू झाली, खणखणीत. पडदा मला दिसत नव्हता. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत पडून राहिले. त्यांनी ओठ दाबले, वाकून बघितलं, मग पुन्हा बघितलं. "आल्या," ते म्हणाले. "पाचही आल्या. चांगल्या उंच आहेत."

आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांना ते कळलं नाही. मी पलंगावरून उतरून त्यांच्या समोर गेले आणि मान हलवली. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बाहेर जाऊन शीतलला आत घेऊन आले. आरोही तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

आरोहीची रेघ सपाट आली. दोन्ही कानांना, आवाजाच्या शेवटच्या पायरीपर्यंत. शीतलनं विचारलं, "म्हंजी वाईट का चांगलं?" ऐकू येत नव्हतं हे वाईटच. पण ते आता खात्रीनं लिहून देता येत होतं, आणि तिला तेच हवं होतं. मी अहवाल लिहिला. सोमवारी तो समितीपुढे गेला आणि मंजूर झाला.

आप्पांचे कान मी पुढच्या आठवड्यात नीट तपासले. जाड, खर्जातले आवाज त्यांना बरे यायचे. बारीक, टोकदार आवाज पार गेले होते; स्पीकरची टुकही त्यातलीच. समोरच्याचं बोलणं ते निम्मं ऐकायचे आणि निम्मं तोंडावरून ओळखायचे. "कधीपासून?" मी विचारलं.

"मेंढराच्या गळ्यातल्या घंट्या यीनात तव्हापासून. मला वाटलं भावानं घंट्या बदलल्या." मग म्हणाले, "मशीनवाल्याला ऐकू यीना म्हटल्यावर कोण हात लावू देतंय, ताई?" एरवी मला मॅडम म्हणणारे आप्पा त्या दिवसापासून ताई म्हणायला लागले. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचाच रागही आला. ज्या माणसाला मी शिष्ट म्हणत होते तो रोज माझ्याच तोंडाकडे बघत उभा राहायचा आणि मी कानांची तपासनीस. मी त्यांना कानाचं यंत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, "ह्याला स्लॉट कुठाय?" असं विचारलं आणि खिशात टाकलं. खिशातून ते कानात गेल्याचं मी काही बघितलं नाही. वर्ष संपायच्या आत ते काम सोडून देवगावला गेले. ते जळकं कार्ड नव्या माणसासाठी तसंच लटकत ठेवून गेले.

आरोहीची शस्त्रक्रिया पुण्याला झाली. कानातलं यंत्र पहिल्यांदा सुरू करायचं मात्र आमच्याकडे ठरलं, आणि शीतलनं देवगावला निरोप धाडला. पुन्हा थंडीचेच दिवस होते. आप्पा आले. माझ्या खोलीबाहेरच्या कठड्यावर त्यांनी घोंगडी नीट घडी घालून ठेवली आणि आत या म्हटलं तरी आले नाहीत. काचेपलीकडे, मफलर गुंडाळून उभे राहिले.

मी आरोहीच्या कानामागे बाहेरचा भाग टेकवला आणि सुरू केला. शीतल तिच्या मागून हळूच म्हणाली, "आरू." पोरगी खेळता खेळता थांबली. हातातला ठोकळा तसाच राहिला. तिनं मान वळवून आईकडे बघितलं आणि मग ओठ काढून मोठ्यानं रडायला लागली. शीतलही रडत होती, आणि मीही.

मी डोळे पुसून काचेकडे बघितलं तर आप्पा काहीतरी विचारत होते. ओठ हलत होते, पण आवाज मात्र आत आला नाही. ज्या आवाजाला या खोलीच्या भिंती कधी पुरल्या नव्हत्या, तो त्या दिवशी काचेपलीकडेच राहिला. आप्पा हळू बोलत होते. म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता, मफलरच्या आत कानात यंत्र होतं.

काय विचारताहेत ते मला ओठांवरून कळलं. मी एक बोट वर केलं.

आप्पांनी मान हलवली, कठड्यावरची घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेले.